आतून उघडणारं फाटक

उनसिल बूट काढायला वाकली तेव्हा दारात आधीच दोन परके जोड होते. एक बाईचा, एक पुरुषाचा, दोन्हींची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून नीट लावलेली. घर बघायचं आणि झटक्यात पुढच्या घराकडे पळायचं, अशी सवय झालेली माणसं. तिने आपले बूट पायानेच कडेला सारले.

"कोण आहे आत?" तिने हळूच विचारलं.

"आहे एक जोडपं. माझ्याकडे अशा बघू नका. सकाळी त्यांचा फोन आला, मी काय येऊ नका म्हणू?" एजंट मिनबाई कुजबुजली. "घरमालकिणीचा खाते क्रमांक तुमच्या फोनवर टाकून ठेवलाय मी. आता तुम्ही घोळ घातलात तर मला नावं ठेवायची नाहीत. चला आधी."

घर दुसऱ्या मजल्यावरचं. आत ती परकी बाई फ्रीजच्या जागेला टेप लावून मोजत होती, तिचा नवरा नळ सोडून पाण्याचा जोर बघत होता. घराची मालकीण, पांढऱ्या केसांची एक आजी, स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून लसूण सोलत बसली होती. इतकी माणसं घरभर फिरत होती, पण तिने मान वर केली नाही.

उनसिल सरळ मागच्या खोलीत गेली. खिडकीखालीच वसाहतीचं मागचं फाटक होतं. ते सताड उघडं होतं आणि त्यातून वरच्या गल्लीतली मुलं शाळेला निघाली होती. दप्तरांवर शाळेने दिलेली पिवळी आवरणं, त्यावर ठळक तीसचा आकडा, गाडीवाल्यांनी वेग आवरावा म्हणून. मुलं फाटकातून आत येत, बागेतली पायवाट धरत आणि पुढच्या कमानीतून थेट शाळेच्या दारात पोचत. त्यांच्यात तिची दाओनही होती. बोमी या मैत्रिणीचा हात धरून, तोंडाने काहीतरी बडबडत ती आईच्या खिडकीखालून निघून गेली. आपलीच मुलगी अशी वरून बघताना उनसिलला कसंतरीच झालं.

"याच इमारतीतली पुढची घरं केवढ्याला जातात, ठाऊक आहे ना?" मिनबाई मागे येऊन उभी राहिली. "हे त्याहून कितीतरी खाली आहे."

"का पण?"

"आवाज. सकाळ-दुपार पोरांचा कलकलाट. लोकांना नको असतो." मिनबाईने खिडकी लावून घेतली. "पण तो काही फार दिवस राहायचा नाही. मग बघा भाव कसा चढतो ते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आज पैसे टाका."

परत जाताना उनसिल आजींपाशी थबकली. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"आजी, घर किती छान ठेवलंय. मग विकताय का?"

आजींनी सोललेली पाकळी वाडग्यात टाकली. "लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही गं माझ्याशी," त्या म्हणाल्या. "माणसाने किती दिवस एकट्याने बोलायचं?"

"आजी मुलाकडे चालल्यात, पुसानला," मिनबाई घाईने मध्ये पडली. "नातवंडं आहेत ना तिथं."

पलीकडे टेपवाली बाई नवऱ्याच्या कानाला लागली होती. ते उनसिलने पाहिलं. ती न्हाणीघरात शिरली, कडी लावली आणि कमोडच्या झाकणावर बसून फोनवरून आजींच्या खात्यात विसार पाठवून दिला. नवऱ्याला विचारायलाही थांबली नाही. बाहेर आली तेव्हा मिनबाईने नुसती मान हलवली. त्या बाईची टेप खट्कन डबीत परत गेली आणि दोघं बूट घालून निघून गेले.

सोलमध्ये घर घेणं हे असं असतं. भाजीवाल्याकडे मुळे निवडतानाही लोक याहून जास्त वेळ घेतात. उनसिलच्या नवऱ्याची, गीहोची, मोकपोच्या गोदीतून इथल्या मुख्य कचेरीत बदली झाली तेव्हा दोघांना वाटलं होतं की गावाकडचं समुद्रासमोरचं घर विकलं की इथं निदान तेवढं तरी मिळेल. त्या पैशात इथं न्हाणीघर आलं नसतं. मग दर रविवारी तिघांनी पायपीट सुरू केली. एका वसाहतीत शाळा चांगली, पण घरं अंधारी. दुसरीत मेट्रो जवळ, पण शिकवण्या बेताच्या. तिसरीत सगळंच चांगलं, म्हणून पहारेकरीसुद्धा यांना बघून हसायचा. शेवटी तात्पुरतं म्हणून टेकडीवरच्या लाल विटांच्या चार मजली जुनाट इमारतीत त्यांनी बिऱ्हाड केलं. अशा इमारतींना इथं व्हिला म्हणतात. ज्याने हे नाव पाडलं त्याला थट्टेची चांगलीच हौस असणार.

व्हिलांच्या खालच्या अंगाला बेलमोरा वसाहत. बेलमोरा म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्या कुणालाही सांगता येत नसे. असली परकी नावं मुद्दाम ठेवतात, म्हणजे गावाहून येणाऱ्या सासूला पत्ता सापडत नाही, असं सुना हसून म्हणत. पण बेलमोराचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात दाओन तिथं एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. केकचा तुकडा हातात देता देता त्या मुलीच्या आईने तिला विचारलं, "तू कितव्या इमारतीतली गं?" दाओनने खरं ते सांगितलं. त्यानंतर वर्गात तिला आणि बोमीला मिळून एकच नाव पडलं, व्हिलावाल्या. "आई, आपण वाईट ठिकाणी राहतो का?" तिने घरी येऊन विचारलं होतं. त्या दिवशी उनसिलने बाकी सगळ्या वसाहतींचा नाद सोडला आणि ती मिनबाईच्या दारात जाऊन बसली.

विसार दिला त्या दुपारी ती आधी बोमीच्या आईकडे गेली. गल्लीच्या तोंडाशी तिची लाँड्री होती. उनसिलला औषधाच्या दुकानातून सुटायला उशीर झाला की दाओन तिथंच वाफेत बसून अभ्यास करी, तिथंच जेवे. दोघी बायकांनी दोन हिवाळे एकाच टोपात किमचीचं लोणचं घातलं होतं.

"मिळालं," उनसिल दारातूनच म्हणाली. "बेलमोरात."

"अगं बाई! खरंच?" बोमीच्या आईने इस्त्री उभी केली. "कुठली बाजू?"

"मागची. फाटकावरची."

"म्हणजे आजींचं घर," ती म्हणाली. "गेल्या म्हणजे शेवटी."

"मुलाकडे जातायत म्हणे."

"असेल." तिने इस्त्री परत उचलली आणि कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर दाबून काढली. "तूच आलीस तिथं हे बरं झालं बाई. दुसरं कुणी आलं असतं तर मला घोर लागला असता."

कसला घोर, हे उनसिलने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. फाटक सोडलं तर शाळेला जायला एकच रस्ता होता, टेकडीला वळसा घालून काँक्रीटच्या कारखान्यावरून जाणारा. एका बाजूला कारखान्याची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार आणि मधून पोटातलं काँक्रीट घुसळत जाणारे ट्रक. पदपथ नव्हताच. शहरभर नव्या वसाहती उठत होत्या, त्यामुळे ट्रकांना उसंत नव्हती. ते वळणावर आले की लाँड्रीतल्या हँगरना लटकलेले कपडे थरथरत.

सामान हलवायला पंचांगातला चांगला दिवस काढला. भाताचा कुकर सगळ्यांत आधी घरात जायला हवा, म्हणून उनसिलने तो तांदळासकट पोटाशी धरून दार ओलांडलं.

"आलो बाबा एकदाचे," गीहो म्हणाला आणि तिथंच रिकाम्या जमिनीवर आडवा झाला.

ह्या घरासाठी त्याच्या वडिलांनी समुद्रातली शेवाळाची शेती विकली होती. मोकपोचं घरही गेलं होतं. आता काही बिनसलं तर परत जायला जागा उरली नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

संध्याकाळी उनसिल तांदळाच्या वाफवलेल्या वड्या घेऊन शेजाऱ्यांकडे गेली. नव्या घरी आलं की ह्या वड्या वाटायच्या असतात. वर लाल चवळीचा जाड थर असतो, त्या लाल रंगाने वाईटसाईट दूर राहतं. एक निळं डबडं भरून तिने दाओनच्या हाती बोमीच्या आईकडे पाठवलं. बेलमोरातली दारं तर पटापट उघडली. बायकांनी दोन्ही हातांनी बशा घेतल्या, वाकून नमस्कार केले, दाओनचा गालगुच्चा घेतला. खालच्या मजल्यावरची म्हणाली, "आम्ही तुमची किती वाट बघत होतो!" शेजारची तेच म्हणाली. वरच्या मजल्यावरचीनेही जेव्हा तेच शब्द उच्चारले, तेव्हा उनसिलच्या मनात पाल चुकचुकली.

ती वरच्या मजल्यावरची म्हणजे यांगबाई, रहिवासी मंडळाची अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकाम्या बशीत चार मोठी पेअर घेऊन आली आणि सोफ्यावर बसली.

"गाव कुठलं तुमचं, दाओनची आई?"

"मोकपो."

"वाटलंच. बोलण्याला अजून समुद्राचा वास आहे." ती हसली. "रागावू नका हं. जाईल हळूहळू."

मग तिने पिशवीतून एक कागद काढून पेअरच्या बशीखाली सरकवला.

"हे मागचं फाटक आपण बंद करतोय. बंद म्हणजे अगदी बंद नाही. आतून कुणालाही उघडेल, बाहेरून यायला फक्त कार्ड लागेल. फाटकाला लागून चार घरं आहेत, त्या चारही घरांचा संमतीचा शिक्का लागतो असा नियम आहे. तीन शिक्के केव्हाचे झालेत."

"आणि आजी?"

"आजी." यांगबाईने त्या खोलीवरून अशी नजर फिरवली, जणू आत्ता कुठे ती नीट झाडून निघाली होती. "आम्ही तीन वर्षं त्यांची समजूत घातली. भांडण नाही, तंटा नाही. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही, विचारा कुणालाही."

एक शब्द बोललं नाही, हे मात्र अगदी खरं होतं.

"पण वरची मुलं शाळेला इथूनच जातात ना?" उनसिल म्हणाली.

"वरची जातात. आपल्या मुलांना हे फाटक लागतंच कुठे?" यांगबाईने पेअर उचलून तिच्या हातात ठेवलं. "परवा त्यांच्यातलं एक आपल्या घसरगुंडीवरून पडलं. उद्या हातपाय मोडला तर कोण निस्तरणार, तुम्ही? आणि घरांच्या भावाचं काय? तुम्ही स्वस्तात आलात, चांगलं झालं. पण आता तुम्हीही आमच्यातल्याच आहात." ती उठली. "बरं, शनिवारच्या इंग्रजीच्या शिकवणीत दाओनचं नाव घालायला सांगितलंय मी. जागा नव्हती, पण केली. किती गोड आहे हो मुलगी."

"मार ना शिक्का," जेवताना गीहो म्हणाला. "फाटकच आहे ते."

"बोमी त्या ट्रकांच्या रस्त्याने जाईल."

"तिची आई सोडेल तिला."

"सकाळी तिला दुकान उघडावं लागतं, अहो. तुम्हाला माहीत नाही का?"

"आपण वर राहत असतो आणि इथं कुणी दुसरं असतं, तर त्याने आपल्या दाओनचा विचार केला असता का?"

"आजींनी केला."

गीहोने हातातल्या काड्या ताटलीशेजारी ठेवल्या. "आणि आजी कुठं आहेत आता?"

उनसिलने कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरल्यासारखं केलं. वरून कुणी विचारायलाही आलं नाही. फक्त एके सकाळी ती लिफ्टमध्ये शिरली तेव्हा आतल्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या आणि आकड्यांच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. खालच्या मजल्यावरचीला तिने "थंडी वाढली, नाही?" म्हटलं, तर ती बाई पिशवीत किल्ली शोधायला लागली. किल्ली कसली, सगळ्यांच्या दारांना आकडे दाबायची कुलुपं होती. शनिवारी दाओन शिकवणीला गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"जागा भरली म्हणाले." तिने कोट न काढताच विचारलं, "आई, आपण परत वाईट ठिकाणी राहायला आलो का?"

उनसिलने ड्रॉवर उघडला. नावाचा शिक्का आणि तो कागद घेऊन ती जिन्याने वर गेली. यांगबाईने दार उघडलं, काही विचारलं नाही, लाल शाईची डबी आणून समोर ठेवली. उनसिलने शिक्क्यावर फुंकर घातली आणि चौथ्या चौकोनात तो दाबला. तिला स्वतःची लाज वाटली. पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

"चहा घेऊनच जा," यांगबाई म्हणाली. "आणि मला ताई म्हणत जा गं आता."

आठवडाभरात नवं फाटक बसलं. काळं, उंच, वर कॅमेरा. लोटलं की आतून सहज उघडायचं आणि आपोआप मिटताना टक् असा बारीक आवाज करायचं. सकाळचा कलकलाट थांबला. मागच्या खोलीत आता घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. लिफ्टमध्ये बायका थंडीबद्दल, मुळ्याच्या भावाबद्दल, मुलांच्या खोकल्याबद्दल भरभरून बोलायच्या. दाओनचं शिकवणीत नाव लागलं.

बोमीची आई एका संध्याकाळी पुढच्या कमानीशी येऊन उभी राहिली. पहारेकऱ्याने वर फोन केला, उनसिल खाली उतरली. बोमीच्या आईच्या हातात ते निळं डबडं होतं.

"राहूनच गेलं होतं द्यायचं. वड्या छान होत्या."

"वर ये ना. अशी काय बाहेरूनच."

"नको. इस्त्र्या पडल्यात."

"बोमी कशी आहे?"

"जाते." बोमीची आई कमानीकडे बघत होती. "शिकवलंय तिला कसं जायचं ते. हुशार आहे पोरगी, एकदा सांगितलं की तसंच करते."

उनसिलला तिचा हात धरायचा होता. माझा नाइलाज झाला गं, एवढं तरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात यांगबाई भाजीच्या पिशव्या घेऊन आली, तिने हसून उनसिलला हाक मारली, आणि ते राहूनच गेलं. बोमीची आई वळून चढणीला लागली. डबडं हलकं लागलं म्हणून उनसिलने लिफ्टमध्ये झाकण उघडून पाहिलं. दोन वर्षांत त्या दोघींमध्ये एकही भांडं रिकामं परत गेलं नव्हतं. आज ते धुऊन, पुसून, कोरडं करून आलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी यांगबाईचा फोन आला.

"उनसिल, वाईट वाटून घेऊ नकोस हं. कॅमेऱ्यात दिसलं. दाओन सकाळी फाटक उघडून धरते आणि त्या मुलीला आत घेते. लहान आहे, समजत नाही. तू समजाव."

उनसिलने मुलीला समोर उभं केलं. राग आपला कुणावर आहे हे तिलाच धड कळत नव्हतं, त्यामुळे तो सगळा दाओनवर निघाला.

"फाटक उघडून बोमीला आत घ्यायचं नाही. पुन्हा ऐकू आलं तर बघ!"

"बोमीला आत घ्यायचं नाही?"

"नाही. किती वेळा सांगू?"

दाओनने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

मुलगी शहाणी झाली. तिने पुन्हा बोमीचं नाव काढलं नाही. सकाळी हाका न मारता उठायची, भात संपवायची आणि आधीपेक्षा लवकर घराबाहेर पडायची. शाळेची गोडी लागली म्हणून गीहो खूश झाला. यांगबाईचाही परत फोन आला नाही, कारण फाटकातून कुणी परकं आत येत नव्हतं. तेवढंच तर तिला बघायचं होतं.

उनसिलला फक्त कोटाचं नवल वाटे. निळा कोट नवा घेतला होता, आणि दाओन रोज त्यावर करड्या धुळीचे पट्टे घेऊन यायची. पाठीवर नाही, पुढून. छातीवर, पोटावर, दोन्ही तळव्यांवर.

"शाळेत भिंती रंगवतायत का?"

"नाही."

"मग कुठे लोळतेस एवढी?"

"लोळत नाही," दाओन म्हणाली आणि हात धुवायला पळाली. उनसिलने कोट झटकला, आणि धूळ न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशीवर उतरली.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी धुकं पडलं होतं. दाओन गेली आणि वर्गात घालायच्या पांढऱ्या चपलांची पिशवी दारातच विसरली. उनसिलने हाक मारली, पण लिफ्ट खाली गेली होती. ती पिशवी घेऊन मागच्या खोलीत धावली, खिडकी उघडली. दाओन बागेत दिसेल, वरूनच हाक मारू, असं तिच्या मनात होतं.

दाओन बागेत नव्हती. ती खिडकीखाली फाटकापाशी होती. तिने दोन्ही हातांनी फाटक लोटलं, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे वळून ते नीट मिटू दिलं. टक् झालं. पलीकडे बोमी उभी होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि शाळेकडे पाठ करून त्या उताराला लागल्या. पिवळी आवरणं थोडा वेळ दिसली, मग धुक्यात गेली.

उनसिल घरातल्या सपातांवरच जिन्याने धावत सुटली. फाटक लोटून बाहेर पडली, मागे टक् झालं, आणि तेव्हा तिला आठवलं की कार्ड वरच राहिलं आहे. परत फिरायला वाट नव्हती. धुक्यात कुठे तरी ट्रकचं इंजीन घरघरत होतं. ती उतार धावत उतरली, एक सपात गटारापाशी पायातून निसटली, ती उचलायलाही थांबली नाही.

वळणावर त्या दिसल्या. दोघी काँक्रीटच्या कारखान्याच्या भिंतीला तोंड करून उभ्या होत्या. दप्तरं पाठीवरून काढून त्यांनी पायांत उभी धरली होती. दोन्ही हात वर करून तळवे भिंतीवर सपाट टेकवले होते. भिंतीवर तिथं, मुलांच्या उंचीला, सिमेंटच्या धुळीत इतक्या दिवसांत तळव्यांच्या चार स्वच्छ जागा पडल्या होत्या.

"दाओन!"

दाओनने मान वळवली. आई एका पायात सपात घालून रस्त्याच्या मधोमध उभी आहे, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. वळणावरून दिव्यांचा पिवळा उजेड भिंतीवर सरकत येऊ लागला.

"आई, तिथं नको. इकडे ये," ती म्हणाली. "इथं, माझ्या आणि बोमीच्या मध्ये. लवकर."

उनसिल आली. तिच्या हातात चपलांची पिशवी होती, ती बोमीने काढून घेतली आणि खाली ठेवली.

"तोंड भिंतीकडे करा, काकू," बोमी म्हणाली. "हात वर. आई म्हणते, दप्तर पाठीवर असलं की ट्रक त्यालाच लागतो."

उनसिलने हात वर केले. भिंत ओली आणि गार होती. मागे जमीन थरथरायला लागली.

"आता श्वास घ्यायचा नाही," दाओनने तिला सांगितलं. "आणि आई, पोट आत घे. तू मोठी आहेस."